नॉरफोक ते मायामी: शिडाच्या होडीवर शेजार कसा जमवायचा

निपाणीच्या वैनी आणि भाऊजी परवा आमच्या शहापूरच्या घरी आले होते. जावई मेरीलँडला असतो, त्याची बत्तीस फुटी शिडाची होडी आहे, आणि यंदाच्या थंडीत ती खाली फ्लोरिडात न्यायचं काम सासऱ्यांनी अंगावर घेतलंय. भाऊजी नेव्हीतले, आमचे हे मर्चंट नेव्हीतले. नांगर, डिझेल, नकाशे ह्यावर दोघांचं जे सुरू झालं ते चहा गार झाला तरी संपेना. वैनी माझ्यामागं आत आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, होडीचं ते बघतील की. मी एवढे महिने बोलू कुणाशी?"

मुलाच्या होडीवरून आम्ही दोघं ह्याच वाटेनं जाऊन आलोय, म्हणून मला विचारलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथं लिहिते. आपल्या बेळगाव-खानापूर-चिकोडीकडच्या कितीतरी घरातली पोरं तिकडं आहेत. त्यातल्या कुणी होडी घेतली असेल आणि आईबापांना बोलवत असेल, तर त्यांच्याही कामाला येईल. नांगर कसा टाकायचा ते मला विचारू नका, ते ह्यांचं खातं.

आधी रस्ता समजून घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या अंगानं नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून हा जलमार्ग झालाय. इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणतात. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला त्याचा शून्य मैल, तिथून मायामी साधारण १०९० मैल. होडी शिडाची असली तरी बरीचशी वाट इंजिनवरच जाते. शीड उघडायला मिळतं ते आल्बेमार्ल साउंड, न्यूस नदी असल्या रुंद पाण्यात. वेग ताशी सहा-सात मैल, अंधार पडल्यावर चालायचं नाही, म्हणजे दिवसाकाठी चाळीस-पन्नास मैल. तुमचाही वेग तोच आणि शेजारच्याचाही तोच.

शिवाय सगळे एकाच सुमाराला निघतात. तिकडं चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, आणि बऱ्याच विम्यांत अट असते की १ नोव्हेंबरच्या आत होडी दक्षिणेला न्यायची नाही. त्यामुळं ऑक्टोबरभर उत्तरेच्या होड्या चेसापीक उपसागरात येऊन साठतात आणि महिना संपता संपता सगळा तांडा खाली सरकायला लागतो. सौंदत्तीच्या जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांचं कसं असतं? सकाळी पुढं गेलेली गाडी संध्याकाळी मुक्कामाला आपल्या शेजारीच सुटलेली दिसते. इथं तेच होतं. आज पुलाखाली नुसता हात हलवलेली होडी दोन दिवसांनी नांगराशेजारी, चार दिवसांनी डिझेलच्या धक्क्यावर. म्हणून वैनी, पहिलं काम हे करा की निघायची तारीख ह्या घोळक्याबरोबर धरा. भाऊजी म्हणतील, गर्दी नको, जानेवारीत निवांत जाऊ. जानेवारीत बगळ्यांशी बोलावं लागेल.

आता इंग्रजीचं. वैनींची खरी धास्ती तीच होती. मला विचाराल तर सीमाभागातल्या माणसानं ह्याची काळजी करूच नये. घरात मराठी, कचेरीत कानडी, मासेवालीशी कोकणी, मिलिटरी कॅम्पाकडं हिंदी, हे आपलं रोजचंच. संकेश्वरच्या बाजारात 'एष्ट री, कडिमी माडरी' (केवढ्याला हो, कमी करा की) म्हणताना माझ्या कानडीचं व्याकरण कुणी तपासलं नाही आणि भाजी कधी महाग मिळाली नाही. तसंच मोडकं इंग्रजी घेऊन मी उतरले. मनात वाक्य जुळवत बसाल तर तोवर समोरची होडी नांगर उचलून गेलेली असेल.

तिथं माणसाचं नाव मागं राहतं, होडीचं पुढं. आमच्या मुलानं होडीला मलप्रभा नाव दिलंय, आजोळ कणकुंबीकडचं म्हणून. रेडिओवर ते एकेक अक्षर सांगावं लागायचं: माइक, अल्फा, लिमा, अल्फा, पापा, रोमिओ, अल्फा, ब्राव्हो, होटेल, अल्फा. होड्यांसाठी पूल उघडणारा माणूस बिचारा पापापर्यंत दमायचा. पण त्यामुळं आमची होडी सगळ्या तांड्याला पाठ झाली. 'ती लांब नावाची तुमचीच ना?' म्हणून लोक आपणहून यायचे, आणि मी कणकुंबीच्या उगमापासून कूडलसंगमला कृष्णेत मिळेपर्यंतची अख्खी नदी त्यांना सांगायची. तुमच्या जावयाच्या होडीचं नाव काही का असेना, त्यामागची गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगता येईल अशी तयार ठेवा. आणि जाण्याआधी कार्डं छापून घ्या. खडेबाजारात लग्नपत्रिका छापणारे झटक्यात करून देतात. होडीचं नाव मोठं, खाली तुमची दोघांची नावं, फोन, ईमेल, होडीचा फोटो असला तर उत्तम. मागची बाजू कोरी ठेवायला सांगा. समोरच्याचं कार्ड मिळालं की त्याच्या मागं लगेच लिहायचं: कुठं भेटले, कुत्र्याचं नाव काय, नातू कितवीत. पुढच्या भेटीला कुत्र्याचं नाव घेऊन हाक मारली की माणूस तुमचाच होतो.

रेडिओचं थोडक्यात. हाक मारायची १६ नंबरवर, उत्तर आलं की ताबडतोब ६८, ६९, ७१ किंवा ७२ वर जायचं. १६ वर गप्पा मारल्या तर कोस्ट गार्ड झापतं. पुलांशी बोलायचं ते व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलायनात १३ वर, साउथ कॅरोलायनापासून खाली ९ वर. कुठल्याही नंबरवर बोललात तरी आसपासचे सगळे कान लावून असतात हे विसरू नका, कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. मागून मोठी मोटारबोट येऊन हळू पुढं जाऊ का विचारते, तेव्हा आपणही वेग अगदी कमी करायचा, म्हणजे तीसुद्धा हळू जाऊ शकते आणि लाटेनं आपली भांडी खाली येत नाहीत. ती गेली की नाव घेऊन आभार मानायचे. शिडवाले आणि मोटारवाले एकमेकांवर थोडे खार खाऊन असतात, तिथं एवढ्याशा आभारानं पुष्कळ काम होतं.

माणसं साठतात कुठं? जिथं नाइलाजानं थांबावं लागतं तिथं. नॉरफोक सोडलं की ग्रेट ब्रिजचं लॉक लागतं. लॉक म्हणजे दोन्हीकडून दारं असलेला हौद. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी पुढच्या पातळीला आणायचं. इथं दोन-तीन फुटांचाच फरक असतो, पण सगळ्यांना दोर धरून एकमेकांशेजारी उभं राहावं लागतं, आणि पुढचा पूल तासाच्या ठोक्याला उघडतो. त्या मधल्या वेळात पहिली 'कुठून आलात' होते. दुसरी वाट डिस्मल स्वॅम्प कालव्याची. हा कालवा १८०५ साली सुरू झाला, गुलामांच्या हातांनी दलदलीत खोदलेला. चहाच्या रंगाचं पाणी आणि दोन्हीकडं झाडी. तिथली लॉकं दिवसातून चारदाच उघडतात, म्हणजे सगळे एकदमच पोचतात. कालवा कधीकधी बंद असतो, आधी चौकशी करून मगच त्या वाटेला लागा.

त्या कालव्यावर नॉर्थ कॅरोलायनाच्या स्वागतकेंद्राचा छोटा धक्का आहे. जागा कमी, म्हणून होडीला होडी लावून बांधतात. बाहेरच्या होडीवाल्याला जमिनीवर जायचं तर तुमच्या होडीवरून जावं लागतं. ह्याची रीत नीट लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या होडीवरून जाताना पुढच्या बाजूनं, डोलकाठीच्या पुढून जायचं. मागं कॉकपिट असतं, ती त्यांची बैठकीची खोली, तिथून जायचं नाही. खिडक्यांतून आत बघायचं नाही. पाऊल हलकं टाकायचं, आत कुणी झोपलेलं असतं. आणि तुम्ही आतल्या बाजूला बांधलेले असाल तर कुणी बाजूला येऊन लावू का विचारलं की आढेवेढे न घेता हो म्हणा आणि फेंडर, म्हणजे होड्या घासू नयेत म्हणून मधे लावायच्या उशा, बाहेर काढून ठेवा. आम्हाला सगळ्यात जवळची दोन माणसं अशी बाजूला बांधलेल्या होडीवरची मिळाली.

कालवा संपून पुढं गेलं की एलिझाबेथ सिटी. ह्या गावात १९८३ साली दोन स्थानिक माणसांनी येणाऱ्या होड्यांचं गुलाब देऊन स्वागत सुरू केलं, धक्क्यावर होडी बांधायला पैसे नाहीत, आणि पुरेशा होड्या जमल्या की गावकरीच सगळ्यांना एकत्र बोलवायचे. तिथं घाई करू नका. पुढं न्यूस नदीवर ओरिएंटल म्हणून गाव आहे, माणसांपेक्षा होड्या जास्त असलेलं. गावच्या फुकट धक्क्याला बांधायचं आणि कॉफी घेऊन बाकावर बसायचं. इथं काहीच करावं लागत नाही, लोक येऊन होडीबद्दल बोलायला लागतात.

धक्क्यावर ओळख करून घ्यायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे येणाऱ्या होडीचे दोर धरणं. कुणी येताना दिसलं की हातातलं काम टाकून उठा. पण धरायची रीत आहे. दोर हातात आला की ओढायचा नाही. विशेषतः पुढचा दोर खेचला तर होडीचं तोंड धक्क्यावर आपटतं आणि मागचा भाग बाहेर जातो. होडीवाला सांगेल त्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, एक वेढा घालून धरून ठेवायचा आणि तो म्हणेल तेव्हा सैल किंवा घट्ट करायचा. होडी बांधून झाली की 'या, बसा' लगेच म्हणू नका. ती दोघं दिवसभर उन्हात उभी असतात आणि धक्क्याला लागताना बहुधा भांडलेली असतात. संध्याकाळी जा.

नांगरावर असाल तर डिंगीनं, म्हणजे होडीबरोबरच्या छोट्या नावेनं, जायचं. चार ते सहा ही वेळ. सकाळी नाही, सकाळी सगळे निघायच्या गडबडीत असतात. रात्री नऊ म्हणजे ह्या लोकांची मध्यरात्र. दुसऱ्याच्या होडीपासून हातभर लांब थांबायचं, इंजिन बंद करून होडीच्या नावानं हाक मारायची. उत्तर येईपर्यंत कठडा धरायचा नाही. कुणी आलं नाही तर दुसरी हाक, तिसरी नाही. बाहेर आले आणि तुमचा दोर त्यांनी मागून घेतला, तर वर बोलावणार आहेत. नुसते उभे राहून बोलले, तर दोन मिनिटं बोलून परत फिरायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. काहीजण एकटं राहायलाच होडीवर येतात. चढताना चपला काढायच्या, ही रीत तिथंही आहे आणि ह्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आत कसं आहे ते बघायची कितीही इच्छा झाली तरी त्यांनी दाखवतो म्हणेपर्यंत दम धरा. म्हणतातच.

बोलायचं काय? पाण्याची खोली. खरंच सांगते. वाळू सरकत असते, नकाशात आठ फूट आणि प्रत्यक्षात पाच, म्हणून काल कुठं गाळ लागला, कुठं नांगर धरला नाही, हे विचारलं की कुणीही अर्धा तास बोलतो. जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो, तिथं तर दुसरा विषयच नसतो. इंजिनचं विचारलं तर ह्यांना जेवायला हाक मारून मारून घसा बसतो. विचारायचं नाही ते म्हणजे होडी केवढ्याला घेतली, वय काय, मुलं का नाहीत, पेन्शन किती. आपल्याकडं बसस्टँडवर पाच मिनिटांत हे सगळं विचारून होतं, मला माहीत आहे. तिकडं जीभ आवरा. राजकारण तर नकोच.

पण वैनी, तुम्हाला मनातलं सांगू का, खरी बैठक जमते ती मरीनाच्या, म्हणजे होड्या लावायच्या धक्क्याच्या, लाँड्रीत. पुरुष त्या बाजूला फारसे फिरकत नाहीत. मशीन पाऊण तास चालतं, वाळवायला आणखी पाऊण तास, आणि सगळ्याजणी एका बाकावर. मशिनांना पंचवीस सेंटची नाणी लागतात आणि ती कुणाकडंच पुरेशी नसतात. तुम्ही बँकेतून नाण्यांचे रोल घेऊन ठेवा, पर्समध्ये मूठभर असू द्या. चार नाणी पुढं केली की बोलणं सुरू होतं. कुठल्या गावात किराणा चालत जाता येतो, कुठला दंतवैद्य लगेच बघतो, कुणाच्या नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊनही तो मस्तूलावर चढतो, हे सगळं मला तिथं कळलं. दुसऱ्याचे कपडे झाले तर काढून टेबलावर घडी करून ठेवायचे की तसेच राहू द्यायचे ह्यावर मतभेद आहेत. मी आधी मालकीण शोधायची, तेवढीच ओळख. लाँड्रीतच एक फळी असते, पुस्तक ठेवा आणि पुस्तक न्या. मी एक दिवाळी अंक ठेवून आले, चित्रं तरी बघतील.

खाण्याचं. सगळे मिळून पदार्थ आणून जेवायची पद्धत तिकडं फार. आपली ताटली, पेला, चमचा, बसायला खुर्ची आणि आपलं पेय आपण न्यायचं, शिवाय सगळ्यांसाठी एक पदार्थ. नॅपकिन विसरलात तर चालेल, खुर्ची विसरलात तर उभं राहावं लागतं. पोहे किंवा चिवडा न्या, मिरची निम्म्यानं कमी. कांदाभजी होडीवर तळायची नाही, उकळतं तेल आणि बाजूनं जाणारी मोटारबोट हे जमत नाही. बेळगावचा कुंडा न्यायचा विचार सोडा, दुधाचा आहे, तोवर टिकत नाही. गोकाकचा करदंट मात्र टिकतो. विमानतळावर कस्टमला खाण्याचं आहे म्हणून सांगा आणि कुणाला देताना आधी सांगा की ह्यात सुका मेवा आहे, तिकडं त्याची ॲलर्जी असलेली माणसं पुष्कळ भेटतात. संध्याकाळी बोलावतात ते ड्रिंक्सला. मी कोकम सरबताची बाटली घेऊन जायची. कुणी आग्रह करत नाही, उलट लाल रंग बघून तेच चव मागतात.

दिवाळी बहुधा ह्याच सुमाराला येते, तेव्हा आकाशकंदील सामानात टाका. पणत्या नकोत, होडीवर गॅस आणि डिझेल असतं, बॅटरीचे दिवे घ्या. कंदील पिवळा किंवा केशरी घ्यायचा, लाल-हिरवा अजिबात नाही, कारण पाण्यावर लाल-हिरवा म्हणजे चालत्या होडीचे दिवे, रात्री येणारा माणूस फसेल. कॉकपिटमध्ये खाली टांगा, आणि डोलकाठीवरचा नांगराचा पांढरा दिवा चालू आहे ना ते बघा. आम्ही कंदील लावला त्या संध्याकाळी मला कुणाकडं जावं लागलं नाही. एकामागून एक डिंग्या येत राहिल्या, हे काय लावलंय विचारायला. डबा उघडाच ठेवला होता.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवर सेंट मेरीज म्हणून गाव आहे. तेही आपल्यासारखंच सीमेवरचं. तिथं होडीवाल्यांसाठी त्या दिवशी जेवण करायची जुनी पद्धत आहे, टर्की गावकऱ्यांची आणि बाकीचे पदार्थ होड्यांवरून. त्या वर्षी आहे का ते आधीच्या आठवड्यात विचारून घ्या. अजून खाली व्हेरो बीचला नगरपालिकेनं पाण्यात बांधलेले बोये, म्हणजे होडी बांधायचे तरंगते गोळे, आहेत, आणि गर्दी झाली की एकेका बोयाला दोन-तीन होड्या शेजारीशेजारी बांधायला लावतात. शेजारी निवडता येत नाही. त्यामुळं रात्री एक काम नक्की करा: डोलकाठीवरचे दोर बाजूला ओढून बांधा. वारा सुटला की ते काठीवर रात्रभर टक टक आपटतात, आणि सकाळी तुमच्याशी कुणी बोलत नाही. जनरेटरही जेवणाच्या वेळेला लावू नका.

क्लबांबद्दल भाऊजी विचारत होते. दूरवर फिरणाऱ्यांची सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन १९५२ पासूनची आहे, तिचे मेळावे होतात. निशाण लावलेली होडी दिसली तर बिनदिक्कत जाऊन बोला, त्यासाठीच लावतात. अख्ख्या पूर्व अमेरिकेला वळसा घालणारे ग्रेट लूपवाले पांढरं निशाण लावतात, फेरी पुरी झाली की सोनेरी. बरेचसे मोटारबोटीवाले, पण बोलके.

एखाद्या होडीशी चांगलं जमलं की ती म्हणते, आता बरोबरच जाऊ. जा. पण पहिल्याच दिवशी सांगून टाका की निघायचं का थांबायचं हे ज्यानं त्यानं आपल्या होडीपुरतं ठरवायचं. त्यांना खोल समुद्रातून एक रात्र काढून जॉर्जिया टाळायचं असेल आणि तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर तुम्ही आतून या. लाजेखातर कुणाच्या मागं वादळात जायचं नाही, आणि आपल्यासाठी कुणाला थांबवायचंही नाही. रोज संध्याकाळी एकत्र जेवायचंही नाही. एक दिवस आड ठेवा, नाहीतर फ्लोरिडापर्यंत बोलायला काही उरत नाही.

लेक वर्थ आणि मायामीला पोचलात की तांड्यातल्या बऱ्याच होड्या बहामाला जायला थांबलेल्या दिसतील. मधे गल्फ स्ट्रीम उत्तरेकडं वाहतो, आणि उत्तरेचा वारा असला की प्रवाहावर उलटा येऊन उंच उभ्या लाटा उठवतो, म्हणून वारा फिरेपर्यंत कुणी हलत नाही. कधी आठवडा जातो. सगळं सामान भरून झालेलं, काम काही नाही, हवामानाचा अंदाज दिवसातून चारदा बघायचा एवढंच. तुम्हाला पुढं जायचं नसेल तरी तिथं मुक्काम करा. सकाळी डिंगीनं एकेका होडीपाशी जाऊन विचारा, मी बाजाराला चाललेय, ब्रेड-दूध काही आणू का, आणि पिशव्या दोन जास्तीच्या घ्या.